तूत

बुवाच्या डोळ्यांत बघायचं नाही.
शाल्मलीनं फ्रिजवर कागद चिकटवलाय:
बाबा, दिवसाला पाच. पाणी पानांवर शिंपडा,
वाटीतलं तो पीत नाही. रोखून बघू नका, चिडतो.
मग ती मणिपालला गेली,
आणि सोहारच्या या दोन खोल्यांत
मी उरलो, एसी उरला,
आणि डोक्यावर उभी टोपी घेऊनच जन्मलेला
हा येमेनी सरडा.

पाच म्हणजे पाच रेशीमकिडे.
दुबईहून डब्यात येतात.
कुरिअरवाला डबा कानाशी हलवतो, औषध का?
मी म्हणतो, हो.

माझं पहिलं विमानाचं तिकीट
एकशे चाळीस किलो कोषांचं होतं.
अक्कानं नेऊन विकले, रामनगरला,
ट्रकमध्ये रात्रभर पोत्यांना टेकून.
मी त्याचा हिशेब कधी केला नाही.
खोटं. केलाय.
एक कोष दोन ग्रॅमचा धरला
तर सत्तर हजार अळ्या.
दिवसाला पाच, म्हणजे अडतीस वर्षं लागतील बुवाला
माझं तिकीट खाऊन संपवायला.
त्याचं आयुष्य सात. फार तर आठ.

चिमट्यानं एक उचलतो.
गार, मऊ, तान्ह्याच्या कानाच्या पाळीसारखी.
बुवाचा एक डोळा अळीवर, एक माझ्यावर.
जीभ दिसत नाही कधीच,
फक्त चिमटा हलका होतो.

रमजानात कुरिअर थकलं.
लगद्याला बुरशी धरली.
तळहातावर एक अळी घेऊन मी खाली गेलो,
माझी अरबी दुकानापुरती,
वॉचमन अब्दोला नुसताच हात दाखवला.
तो म्हणाला, तूत.
मी म्हणालो, तुती.
तूत, तो पुन्हा म्हणाला,
पोराचा उच्चार सुधारावा तसा.
आणि मशिदीमागं, वजूचं पाणी वाहून जातं तिथं
घेऊन गेला मला, एका झाडाखाली.

वीस वर्षं मी या गल्लीत राहतो.

अब्दो इब्बचा. बुवाला बघून हसला,
आमच्या काटेरी कुंपणावर हे असलेच, म्हणाला, हिरबा.
त्याला सांगावंसं वाटलं की आमच्याकडे
सरड्याची धाव कुंपणापर्यंतच असते.
पण 'धाव'ला अरबी शब्द सापडेना,
आणि आम्ही दोघं इथं उभे होतो.

अक्काचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा
मी डबा सोफ्यामागं सरकवतो.
आज विसरलो.

"ते काय रे? रेशमाच्या अळ्या?"
मी गप्प.
तिनं चष्मा लावला, फोन जवळ घेतला.
"दुबार हाय का? पान वलं घातलंस का? पुसून घालावं.
हात कशानं धुतलास, साबणाला वास नको."
कशाला पाळल्यास, हे विचारलंच नाही.
मग मीच फोन पिंजऱ्याकडं वळवला.
"अगं बाई, घोयरा!"
ती हसली, खोकला लागेपर्यंत हसली.
"खाऊ दे की. आपुन तर उकळायचो."

मग एकदम शेडमधल्या आवाजात:
"थांब. माना वर केल्यात त्यांनी.
काती बसल्यात. आज पान घालायचं न्हाई, हात लावायचा न्हाई.
उपास हाय लेकरांचा."

दुपारभर डब्यात काही हललं नाही.
सगळ्या अळ्या मान उंचावून, दगडासारख्या.
आणि बुवा असा की हललं तरच खातो,
तोही फांदीवर ताटकळलेला.
खाली अब्दो सावलीत, ओठ कोरडे.
मीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं,
त्याला कारण काही नाही,
एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा.

मगरिबची बांग झाली.
अब्दोनं वर तीन खजूर पाठवले,
भिजवलेले, कागदी कपात.
एक खाल्ला. बी तोंडातच ठेवली.

डब्यात, कडेच्या पानावर,
एकीनं जुनी कातडी मागं ढकलली
आणि मान खाली घेतली.

बुवाचे दोन्ही डोळे
पहिल्यांदाच एका जागी आले.

चिमटा कुठं ठेवला होता, आठवेना.